सुरुंग आणि सदसद्विवेक

युद्धात शत्रूला मारणे हे सैनिकाचे कर्तव्य ठरते. मग त्या मरणाऱ्या माणसाचे काही देणे त्याच्याकडे उरते काय? नौदलाच्या पाणबुड्यांच्या इतिहासात हा प्रश्न फार उघडपणे समोर येतो. तोफ डागणाऱ्याला गोळा कोणावर पडला हे सहसा दिसत नाही. काळोखात पोहत जाऊन नौकेच्या तळाशी सुरुंग ठेवणारा मात्र शत्रूच्या अगदी निकट असतो. शिवाय त्या सुरुंगाला घड्याळ जोडलेले असते. कृती आणि तिचे फळ यांच्यामध्ये काही तास जातात, आणि त्या तासांत विवेकाला बोलण्यास अवसर मिळतो.

१८ डिसेंबर १९४१ च्या रात्री ‘शिरे’ ही इटालियन पाणबुडी ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदराजवळ आली. तिच्यातून सहा पाणबुडे तीन मंदगती पाणतीरांवर स्वार होऊन निघाले. ब्रिटिश विनाशिकांसाठी बंदराच्या तोंडाचा अडसर उघडला, तेव्हा तेही आत शिरले. लेफ्टनंट लुइजी दुरांद दे ला पेन्ने यांचे लक्ष्य होते ‘व्हॅलियंट’ ही युद्धनौका. त्यांचे सहकारी एमिलियो बियांकी यांना श्वसनाचा त्रास होऊन ते वर गेले. पेन्ने यांनी ते जड यंत्र एकट्याने समुद्रतळावरून ओढत नौकेखाली आणले, घड्याळ लावले, आणि वर येताच ते पकडले गेले.

सुरुंग कोठे आहे, हे कप्तान चार्ल्स मॉर्गन यांना हवे होते. पेन्ने यांनी मौन सोडले नाही. तेव्हा दोघा कैद्यांना त्याच नौकेच्या तळाशी कोंडण्यात आले. स्फोटास थोडाच अवधी उरला असता पेन्ने यांनी कप्तानाची भेट मागितली. नौका लवकरच फुटेल, माणसांना वाचवा, एवढेच त्यांनी सांगितले. जागा सांगितली नाही. त्यांची रवानगी पुन्हा तळाशी झाली. पहाटे स्फोट होऊन नौका उथळ पाण्यात तळाला टेकली. परंतु तिच्यावरील माणसे बचावली, आणि कैदीही.

गुपित एकच होते. पेन्ने यांनी त्याचे दोन भाग केले. नौका बुडवणे हे देशाचे काम होते, म्हणून जागा लपवली. माणसांचे मरण त्या कामाला आवश्यक नव्हते, म्हणून वेळ सांगितली. यात स्वतःचा जीव वाचवण्याचा हेतू असेल, अशी शंका घेता येईल. पण तोच हेतू असता, तर जागा सांगणे अधिक सोपे होते.

खरी अडचण निराळी आहे. त्याच रात्री ‘क्वीन एलिझाबेथ’ नौकेखालीही सुरुंग फुटला आणि काही खलाशी मेले. तिच्या खाली सुरुंग लावणारे पाणबुडे तेव्हा निसटले होते. तेथे इशारा देण्यास कोणी नव्हते. पेन्ने पकडले गेले नसते, तर तेही निघून गेले असते. म्हणजे त्यांच्या हातून घडलेले सत्कर्म कैदेमुळे शक्य झाले. लक्ष्य ठरलेल्या नौकेवरची माणसे तेथे त्यांना भेटली.

इशारा दिला की देणे फिटते, असेही नाही. १ नोव्हेंबर १९१८ रोजी पोला बंदरात राफाएले रोसेत्ती व राफाएले पाओलुच्ची यांनी ‘विरिबुस उनितिस’ नौकेला सुरुंग लावला. पकडले गेल्यावर त्यांना कळले की ती नौका आदल्याच दिवशी ऑस्ट्रिया-हंगेरीकडून दक्षिण स्लाव्हांच्या ताब्यात गेली आहे. त्यांनी सेनानी यांको वुकोविच यांना सावध केले. नौका सोडण्याचा आदेश निघाला. पण स्फोट लांबला, माणसे परतली, आणि वुकोविच यांच्यासह शेकडो जण मेले. पुढे रोसेत्ती यांनी बक्षिसाच्या रकमेतील काही भाग वुकोविच यांच्या पत्नीला दिला. आपण बोललो होतो, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नसावे.

मार्च १९४५ मध्ये तारांतो येथे पेन्ने यांना सुवर्णपदक मिळाले, तेव्हा ते त्यांच्या छातीवर लावले ते मॉर्गन यांनी. ज्यांनी त्यांना पुन्हा तळाशी पाठवले होते, तेच हे कप्तान.

आज शेकडो मैलांवरून अस्त्र सोडता येते. सोडणारा पकडला जात नाही. समोरची माणसे त्याला कधी भेटत नाहीत. म्हणून पेन्ने यांना कैदेत जो विचार सुचला, तो अशा माणसाने कळ दाबण्याआधीच करावयास हवा. नंतर त्याला तशी संधी मिळणार नाही.