जिवाणी

बेळगावच्या आमच्या जुन्या घरी विहीर होती. आज्जी पाणी शेंदायची, दुहेरी फडक्यातून घागरीत गाळायची आणि मग ते फडकं गाळलेल्या पाण्यानं उलट्या बाजूनं धुऊन ते धुवण पुन्हा विहिरीतच सोडायची. हीच जिवाणी. तीही वरून भसकन ओतायची नाही. कडीचा तांब्या पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायचा आणि तिथं अलगद कलता करायचा. पाणी शेजारच्या विहिरीचं असलं, तर जिवाणी शेजारी नेऊन सोडायची. तो हेलपाटा माझ्या वाट्याला यायचा.

"आपल्याच विहिरीत टाकली तर काय होतंय?" मी कुरकुरायची.

"ते जीव त्या पाण्यातले, बाई. दुसऱ्या पाण्यात जगतील का?" एवढंच उत्तर.

हे सगळं आठवलं ते कॅलिफोर्नियात. गेल्या जूनमध्ये लेक-जावयाबरोबर ताहो सरोवरावर गेले होते. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत, सुमारे १,९०० मीटर उंचीवर, पाचशे मीटर खोल असं हे निळंशार पाणी. तंबू ठोकला, अस्वलांच्या भीतीनं शिधा लोखंडी पेटीत बंद केला. दिवस साडेआठपर्यंत रेंगाळत असल्यानं माझं सूर्यास्ताआधीचं जेवण अगदी निवांत झालं. दुसऱ्या दिवशी एमरल्ड बेच्या काठाकाठानं डोंगरवाट चाललो. तिसऱ्या दिवशी जावयानं हवा भरायची नाव बाहेर काढली.

काठावर एक तरुण मुलगी उभी होती. तिनं हसून पहिला प्रश्न विचारला, "याआधी ही नाव कुठल्या पाण्यात होती?"

मी थबकलेच. आज्जी तरी वेगळं काय विचारायची?

नाव धुवा, निथळू द्या, वाळवा, मगच दुसऱ्या पाण्यात घाला, असा तिथला नियम. कारण क्वागा नावाचा एक नखाएवढा शिंपला. युरोपातून आलेल्या जहाजांनी तोल सांभाळायला पोटात भरलेलं पाणी अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत सोडलं, त्यातून तो १९८०च्या दशकात तिथं पोचला. २००७ मध्ये तो पश्चिमेकडच्या लेक मीडमध्ये सापडला, आणि पुढच्याच वर्षी ताहोवर मोटरबोटींची तपासणी सुरू झाली. हा शिंपलाही पाणी गाळूनच जगतो, पण इतकं गाळतो की बाकीच्या जिवांना खायला काही उरत नाही.

मला वाटलं, बघा, आज्जीचं शहाणपण अमेरिकेला आज कळतंय! हे लेकीला सांगणार होते, तेवढ्यात कळलं की संशय आला तर नाव कढत पाण्यानं धुतात. शिंपला मरावा म्हणून. माझी फुशारकी तिथंच उतरली. आज्जी फडकं धुवायची ते जीव वाचावा म्हणून. इथं धुतात ते मारण्यासाठी. शंख-शिंपले आपल्याकडे द्वींद्रिय जीव मानलेले. जिवाणीच्या धर्मात हे कसं बसवायचं?

"मग आई, शिंपला वाचवायचा की तळं?" लेकीनं विचारलं.

मला उत्तर सुचलं नाही. थोड्यांना मारून पुष्कळांना वाचवणं, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. जिवांची अशी बेरीज-वजाबाकी करायला बसलं की माणूस स्वतःला नेहमी बेरजेतच धरतो. पण हात जोडून बसावं, तर डोळ्यांदेखत सरोवर मरणार. त्याही हिंसेतून सुटका नाहीच.

रात्री तंबूत पडल्या पडल्या एक गोष्ट ध्यानात आली. हा पेच त्या मुलीनं निर्माण केलेला नाही. जहाजातलं पाणी ज्या दिवशी परक्या सरोवरात ओतलं गेलं, त्या दिवशीच तो निर्माण झाला. ओतणाऱ्याच्या मनात मारायचं नव्हतं. त्याच्या मनात काहीच नव्हतं, आणि तोच दोष. तत्त्वार्थसूत्रानं हिंसेच्या व्याख्येत प्राण घेण्याच्याही आधी प्रमाद ठेवला आहे. एकाच्या बेफिकिरीनं दुसऱ्याच्या हातात कढत पाणी येतं, आणि त्यालाच मग वाटतं की आपण पापी. आज्जीचा तो हेलपाटा शेजारच्या विहिरीसाठी होताच, पण उद्या कुणावर असा पेच येऊ नये म्हणूनही होता.

शिंपल्याचं उत्तर यातून मिळत नाही, हे मला मान्य आहे. कढत पाण्याच्या नळीशी उभं राहायची वेळ माझ्यावर आली असती, तर काय केलं असतं कुणास ठाऊक. पण माझ्यासारख्या पाहुणीला शोभेल एवढं एक कर्तव्य उरतं. जिथलं तिथं ठेवून निघायचं.

परतताना जावई नाव उचलून गाडीकडे निघाला. तळाशी ओंजळभर पाणी साचलं होतं. "थांबा," म्हटलं. तिघांनी मिळून नाव पुन्हा काठाशी नेली, खाली टेकवली आणि हळूच कलती केली.

लेक म्हणाली, "आई, ओतलं तरी चाललं असतं."

चाललं असतं खरं.