आधी उत्तरपत्रिका पाहा

आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूरच्या मुलामुलींचा पदवीचा निकाल मोबाइलवर दिसतो. तो लावणारं काकतीय विद्यापीठ मात्र वरंगलला, रस्त्याने दोनशे किलोमीटरांहून दूर. घरात मराठी, गोंडी नाहीतर लंबाडी आणि पेपर तेलुगूत किंवा इंग्रजीत. ग्रेड घसरली की अशा घरात सगळे एकच धरून चालतात, पोरगं कमी पडलं. पडलं असेलही. पण उत्तरपत्रिका न पाहता ते मान्य करणं मला पटत नाही.

तेलंगणातला 2019 चा इंटरमिजिएटचा, म्हणजे अकरावी-बारावीचा, निकाल आठवा. 18 एप्रिलला तो लागला आणि तीन लाखांहून अधिक मुलं नापास झाली. एका मुलीला तेलुगूत शून्य पडलं होतं. तपासल्यावर ते 99 निघालं. त्या दिवसांत वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. अखेर सरकारने नापास झालेल्या सर्वांच्या उत्तरपत्रिका विनाशुल्क फेरतपासल्या आणि 1,137 जण उत्तीर्ण ठरले. तीन लाखांत हा आकडा लहान आहे आणि बहुतेकांचा निकाल बदलला नाही, हेही खरं. तरी त्या 1,137 जणांच्या कपाळी नापासाचा शिक्का चुकीने बसला होता, आणि तो पुसला गेला तो कुणीतरी आवाज उठवला म्हणूनच.

उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सहज मिळालेला नाही. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी परीक्षा मंडळाविरुद्ध तो मागितला, मुंबई उच्च न्यायालयात ते जिंकले, आणि 1984 मध्ये परितोष शेठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. परीक्षांना कुठेतरी पूर्णविराम हवा, असा न्यायालयाचा विचार होता. पुढे माहिती अधिकार कायदा आला आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी आदित्य बंदोपाध्याय खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे. परीक्षार्थी ती पाहू शकतो, तिची प्रत घेऊ शकतो. फेरमूल्यांकनाचा हक्क या निकालाने दिला नाही. तो विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून राहिला. शिवाय उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपून ठेवतात. म्हणून उशीर करू नये. विद्यापीठाकडे माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर तीस दिवसांत मिळायला हवं.

रिकाउंटिंगमध्ये फक्त बेरीज आणि न तपासलेलं उत्तर पाहतात. रिव्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे फेरमूल्यांकनात, दुसरा परीक्षक पुन्हा गुण देतो. दोन्हींची मुदत निकालानंतर थोडे दिवसच असते, आणि माहिती अधिकाराचं उत्तर येईपर्यंत ती सरूही शकते. त्यामुळे शंका पक्की असेल तर माहिती अधिकाराचा आणि फेरतपासणीचा असे दोन्ही अर्ज सोबतच करावेत. ग्रेडच्या पद्धतीत सीमेवरचा एक गुणही अख्खी पायरी बदलतो, तेव्हा बेरजेतली चूक क्षुल्लक समजू नये.

अंतर्गत गुणांचं दुखणं वेगळं. ते देणारे सर रोज समोर असतात, म्हणून विचारायची हिंमत होत नाही. माझ्या मते पहिलं पाऊल तेच: सरांना भेटून, आवाज न चढवता, गुण कशाचे गेले ते विचारायचं. समाधान झालं नाही तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. अन्यायकारक मूल्यमापन हा त्या नियमांत तक्रारीचा विषय धरला आहे. समितीत महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातली व्यक्ती असणं बंधनकारक आहे. वरचं अपील लोकपालाकडे जातं.

उत्तरपत्रिका हाती आल्यावर कधी दिसतं की गुण बरोबरच दिले आहेत. प्रश्न एक, उत्तर दुसरंच. किंवा मुद्दे माहीत असून तेलुगूत मांडता आले नाहीत. हे कळणं कडू आहे, पण पुढच्या सेमिस्टरला नेमकं काय करायचं ते त्यातूनच कळतं. नुसत्या ग्रेडच्या अक्षरावरून ते कळत नाही. बॅकलॉगचा पेपर पुन्हा देता येतो, आणि एका विषयाच्या ग्रेडवर नोकरी किंवा पुढचं शिक्षण क्वचितच अडतं. निकालाच्या रात्री पोराला हे घरच्यांनी सांगायला हवं.

उटनूर, आदिलाबादच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. निकालानंतरचा एक आठवडा कॉलेजात बसा. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलाला अर्ज कुठे मिळतो, शुल्क किती, मुदत कधी संपते हे सांगायला दुसरं कुणी नाही.