आप्त कोण? बिल्ड फुटल्यावर पडणारा प्रश्न

भरदुपारी बिल्ड फुटतं. बिल्ड.ग्रेडल फाइलीतल्या एका ओळीवर बोट ठेवलेलं असतं: 'कम्पाइल', आणि पुढे अवतरणचिन्हांत एका लायब्ररीचं नाव. 'कम्पाइल' नावाची मेथड सापडत नाही, एवढंच पडद्यावर. ओळ उचललेली असते एका जुन्या, पुष्कळांनी वाखाणलेल्या उत्तरातून. उत्तर देणारा जाणकार होता, खोटं सांगून त्याला काही मिळणार नव्हतं, आणि त्याने लिहिलं तेव्हा ती ओळ बिनतक्रार चालत होती. पुढे 2021 साली ग्रेडल या बिल्ड टूलच्या सातव्या आवृत्तीने 'कम्पाइल' काढूनच टाकलं. आता त्या जागी बहुधा 'इम्प्लिमेंटेशन' लिहितात.

मग त्या माणसाचा शब्द खरा की खोटा?

न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हेही प्रमाण आहे, पण तो आप्ताचा हवा. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन आप्त म्हणतो तो गोष्ट स्वतः नीट जाणणाऱ्याला आणि जशी जाणली तशीच सांगू पाहणाऱ्याला. ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखीच, असंही तो बजावतो. कुळ नाही, हुद्दा नाही. वैशेषिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नाही: सांगणाऱ्यावरचा भरवसा हे शेवटी अनुमानच, असं त्यांचं म्हणणं. चार्वाक तर प्रत्यक्षापुढे जातच नाही.

प्रोग्रामर बोलायला चार्वाक असतो. 'चालवून दाखव,' म्हणतो. वागायला मात्र पक्का नैयायिक, कारण बिल्ड टूलचा सोर्स कोड वाचून मग फाइल लिहिणारा विरळाच. गंमत म्हणजे ग्रेडलसारखंच दुसरं बिल्ड टूल आहे 'मेव्हन', आणि हा यिद्दिश शब्दच मुळी जाणकाराला वापरतात. टूलचं नावच आप्त!

'कम्पाइल'वाला गृहस्थ वात्स्यायनाच्या कसोटीला उतरतो, तरी त्याच्या शब्दाने बिल्ड फुटतं. त्याचं वाक्य एका आवृत्तीबद्दल होतं. वाचणाऱ्याने ते सर्वकाळाचं मानलं. टूल बदललं तरी हेच होतं. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या वाटेत आल्या, तर मेव्हन डिपेंडन्सींच्या झाडात आपल्या प्रोजेक्टला जवळची उचलतो, ग्रेडल सहसा सर्वांत नवी. एकाबद्दलचा खरा सल्ला दुसऱ्याकडे नेला की चुकतो. दोष सांगणाऱ्याच्या पदरात टाकणं सोपं, पण अन्यायाचं.

न्यायसूत्रं शब्दाचे दोन प्रकार करतात: ज्याचा विषय इथे पाहता येतो तो दृष्टार्थ, येत नाही तो अदृष्टार्थ. स्वर्गाबद्दलचं वाक्य पडताळायला कुणी जाऊन येऊ शकत नाही. बिल्डबद्दलचं प्रत्येक वाक्य मात्र दृष्टार्थ आहे. मेव्हनची पॉम, म्हणजे प्रोजेक्टचं वर्णन करणारी फाइल, चार नोंदींचीही चालते, कारण उरलेलं बरंचसं मेव्हनच्या स्वतःच्या 'सुपर पॉम'कडून वारशाने येतं. ते डोळ्यांनी पाहायचं तर 'एमव्हीएन हेल्प:इफेक्टिव्ह-पॉम' ही आज्ञा आहे. छोटीशी फाइल पानंच्या पानं पसरते, आणि कोणता प्लगइन कोणत्या आवृत्तीचा हे तिथे लिहिलेलं दिसतं. इतकं हाताशी असताना केवळ कुणी सांगितलं म्हणून मानणं याला श्रद्धा म्हणवत नाही. तो आळस आहे.

तेव्हा मदत मागणाऱ्याने प्रश्नाआधी 'एमव्हीएन -व्ही' चालवावं आणि जे छापून येईल ते जसंच्या तसं प्रश्नाला जोडावं. मेव्हनची, जावाची आणि ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती त्यात असते.