परक्याचा चेहरा

ओळखदेख नसलेल्या माणसाच्या खिशाला हात घालणे हा गुन्हा आहे, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याला न विचारता त्याचा चेहराच उचलून नेला तर? जपानी छायाचित्रकारांनी रस्त्यावर टिपलेली चित्रे पाहताना हा प्रश्न माझ्या मनात वारंवार उभा राहतो.

इहेई किमुरा (१९०१–१९७४) हा टोकियोचा. छोटासा लायका कॅमेरा घेऊन तो गल्लीबोळांतून हिंडे आणि समोरच्याला चाहूल लागण्यापूर्वी चित्र टिपून पुढे निघून जाई. १९३५–३६च्या सुमारास त्याने ओकिनावातील नाहा शहराच्या बाजाराची चित्रे घेतली. बाजारात माणसे असायचीच, त्यात नवल ते काय? परंतु ऑक्टोबर १९४४च्या हवाई हल्ल्यात आणि पुढच्या वर्षीच्या लढाईत ते शहर बहुतेक बेचिराख झाले. उरला तो कागदावरचा एक साधा बाजाराचा दिवस.

रोजचे जगणे आपण जपत नाही, कारण ते उद्याही मिळणारच अशी आपली खात्री असते. जपून ठेवतो ते सणावाराचे. माझ्या आईचा घरात एकच जुना फोटो आहे. त्यात ती नथ घालून, श्वास रोखून बसली आहे. ती बाई मला अनोळखी वाटते. माझी आई म्हणजे हाती डबा घेऊन, विटक्या लुगड्यात रॉकेलच्या रांगेत उभी असलेली. त्या रांगेतले तिचे चित्र कोणी काढून ठेवले असते तर मी ते देव्हाऱ्याशेजारी लावले असते! पण हेही मला पक्के ठाऊक आहे, की कोणी कॅमेरा रोखला असता तर तिने पदर ओढून तोंड फिरवले असते. जे तिने कधीच दिले नसते, नेमके तेच मला हवे आहे. मग माझ्या मायेला मोल द्यायचे की तिच्या लाजेला?

जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली एका निकालात म्हटले, की संमतीवाचून आपल्या चेहऱ्याचे चित्र कोणी उगाच काढू नये, हे माणसाचे स्वातंत्र्य आहे. तो खटला पोलिसाने मोर्चाचे फोटो घेतल्याचा होता. कायदा काय घेऊ नये ते सांगतो. घेतल्यावर काय देणे लागतो, ते मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते.

केन डोमोन (१९०९–१९९०) याने ते आपल्यापुरते ठरवले होते असे मला वाटते. दगडी कोळशाची जागा खनिज तेल घेऊ लागले, तशा क्युशू बेटावरील चिकुहोच्या खाणी बंद पडू लागल्या. बेकार खाणकामगारांच्या मुलांची चित्रे त्याने १९६० साली पुस्तकरूपाने काढली. कागद हलका आणि किंमत अवघी १०० येन, का, तर सामान्य माणसालाही ते घेता यावे. त्या मुलांची गरिबी त्याने श्रीमंतांच्या दिवाणखान्याची शोभा होऊ दिली नाही.

आणि ११ मार्च २०११ रोजी समुद्र किनाऱ्यावर चढून आला, त्यानंतरची गोष्ट पाहा. मियागी प्रांतातील यामामोतो गावी चिखलातून साडेसात लाखांच्या आसपास फोटो निघाले. परगावाहून आलेल्या स्वयंसेवकांनी ते एकेक करून धुतले, वाळवले आणि ज्यांचे त्यांना परत मिळावेत म्हणून मांडून ठेवले. परक्यांचे चेहरे त्यांच्याही हाती आले होते. पण ते आपले नव्हेत, ही जाणीव त्या हातांना होती.

म्हणून मला वाटते, परक्याचा चेहरा ही चोरी नव्हे आणि कमाईही नव्हे. ती उसनवारी आहे. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. या दिवाळीत आरास आणि फराळाबरोबर दारी पणत्या विकायला आलेल्या बाईचाही फोटो कोणी काढील. खुशाल काढावा, मात्र तो तिच्याच हाती ठेवताना आपली मान खाली जाणार नाही, एवढे आधी मनाला विचारावे. आणि शक्य असेल तर तिलाही.