मागचं बाक

सावकाश बसा. पाठ टेकवा, हात मांडीवर मोकळे सोडा. आता मनानं टांझानियाला जा, ईशान्येकडच्या उसांबारा डोंगरांत. मोंबो गावापाशी मोठा रस्ता सोडून बस घाट चढते आणि लुशोटोला पोचते. हवा थंड. उतारांवर कोबी, बटाटा, नासपतीची झाडं. इथल्या एका माध्यमिक शाळेत तुम्ही वर्षभरासाठी स्वयंसेवक शिक्षक म्हणून आला आहात. बॅग अजून उघडलेलीही नाही.

आज काही करायचं नाही, असं स्वतःला सांगा. सांगताना आत काय होतं तेही बघा. चुळबुळ होईल. एवढ्या लांब आलो, रजा टाकली, घरच्यांचा निरोप घेतला, मग कामाला नको का लागायला? उपयोगी पडायची ही घाई चांगल्या माणसांनाच होते, म्हणून ती पटकन ओळखू येत नाही. तिला हुसकावू नका. आहे, एवढं कळलं तरी पुरे. एक लांब श्वास घ्या.

सकाळ. बाहेर खराट्यांचा आवाज येतोय. मुलं शाळेचं अंगण झाडताहेत. तुमच्या घड्याळात सात वाजलेत. शेजारच्या शिक्षकांना वेळ विचारलीत तर ते स्वाहिलीत सांगतील, एक वाजला. बरोबरच आहे ते. विषुववृत्त जवळ असल्यानं सूर्य इथे बारा महिने सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि दिवसाचे तास त्याच्याबरोबर सुरू होतात. पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजतात, तेव्हा आपल्या आजी-पणजीला यात नवल वाटलं नसतं. थोडा वेळ तुम्हीही असंच मोजा. उजेड होऊन एकच तास झालाय. दिवस कोवळा आहे. कुणी तुमची वाट बघत खोळंबलेलं नाही.

चालायला लागा. वाटेत मुलं म्हणतील, ‘शिकामू’. लहानानं मोठ्याला म्हणायचं आणि मोठ्यानं ‘मरहबा’ म्हणून ते घ्यायचं, अशी इथली रीत. उत्तर द्यायला घाबरू नका, पण ते पुटपुटून उरकूही नका. मग स्वयंपाकाच्या छपरापाशी या. मोठ्या पातेल्यात मक्याच्या पिठाचा उगाली घोटला जातोय. घट्ट होत आलेल्या पिठात लाकडी उलथनं फिरवायला दोन्ही हातांचा जोर लागतो. घोटणाऱ्या बाई वयानं तुमच्याहून मोठ्या आहेत, म्हणून आता आधी तुम्ही म्हणायचं: शिकामू, मामा. त्या मान वर करतात, मरहबा म्हणतात आणि पुन्हा घोटायला लागतात. इथे थांबा जरा. तुम्ही द्यायला आला होतात. गावानं मात्र आधी तुम्हाला तुमच्या वयाची जागा दिली.

मुलं तुम्हाला ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणतील. राजकारणात पूर्णवेळ उतरण्यापूर्वी शाळेत शिकवणाऱ्या ज्युलियस न्येरेरे यांना, आपल्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांना, हा देश आजही याच नावानं ओळखतो. तुम्ही अजून एक तासही घेतलेला नाही. या मानाचं ओझं जाणवू द्या. लगेच उतरवून ठेवू नका.

आता वर्गात चला. आठवीच्या वयाची मुलं, बाकांवर दाटीवाटीनं बसलेली. २०१६ पासून सरकारी माध्यमिक शाळांत पहिल्या चार वर्षांची फी नाही, त्यामुळे पूर्वी घरी राहिली असती अशी पुष्कळ मुलं इथवर पोचतात. यातल्या बहुतेकांची घरची भाषा किशांबा. प्राथमिकची सात वर्षं सगळं स्वाहिलीत. आणि इथे, माध्यमिकला, गणितापासून भूगोलापर्यंत एकदम इंग्रजी.

एका मुलीपाशी नजर थांबवा. फळ्यावरचा ‘फोटोसिंथेसिस’ ती एकेक अक्षर वर बघून वहीत उतरवते आहे. अक्षर इतकं देखणं, की छापलंय असं वाटावं. पट्टी लावून तिनं खाली रेघ मारली. आता तिला इंग्रजीत विचारा, पान हिरवं का असतं? ती उभी राहते. खाली बघते. काही बोलत नाही.

ही शांतता भरून काढू नका. तिच्यात बसा. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावी सायन्सला गेलेल्यांना ती चांगली ठाऊक आहे: उत्तर येत असतं, पण तोंडापर्यंत पोचत नाही. या मुलीच्या घरच्यांचं पोट शेतावर चालतं. पान, ऊन, पाणी यांबद्दल तिला तुमच्याहून जास्त कळत असेल.

तेवढ्यात तिचे नेहमीचे शिक्षक एक वाक्य स्वाहिलीत बोलतात. एकच. वर्गाचे खांदे सैल होतात, तीन-चार हात वर येतात, तीही बोलू लागते. नियम इंग्रजीचा आहे हे त्या गुरुजींना माहीत आहे. कुठल्या क्षणी तो बाजूला ठेवायचा, हेही माहीत आहे. कोण पोर डोंगर उतरून चालत येतं, कोण कशामुळे गप्प झालंय, हे त्यांना वर्षानुवर्षं तिथे राहून कळलंय. तुम्ही परत गेल्यावरही ही मुलगी त्यांच्याच वर्गात असणार आहे. त्यांच्याकडे पुन्हा एकदा, नीट, बघा.

नव्या स्वयंसेवकानं आल्या आल्या स्वतःचा वर्ग मागावा, हे मला मान्य नाही. त्यात मुलांचं नुकसान आहे, आणि त्या गुरुजींचा अपमानही.

तेव्हा कुठेही जाणार असाल, तर मुख्याध्यापकांना विनंती करा की पहिला आठवडा वेळापत्रकात माझं नाव घालू नका. नेहमीच्या शिक्षकांची परवानगी घ्या आणि त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसा. वही बरोबर न्या. तास संपला की त्यांनाच विचारा, यातलं कुठलं काम मी केलेलं तुम्हाला चालेल?