बोली आणि बांधिलकी

मराठीत ‘बोली’ या एकाच शब्दाने तीन व्यवहार ओळखले जातात. माणसे बोलतात ती बोली. लिलावात लावली जाते तीही बोली. आणि अमुक बोलीवर एखादे काम अंगावर घेतले असे म्हटले, की त्याच शब्दाला अटीचा व कराराचा अर्थ येतो. बोलणे, मोल सांगणे आणि स्वतःला बांधून घेणे या तीन क्रियांचे नाते भाषेने असे जपून ठेवले आहे. पत्त्यांच्या ब्रिज या खेळात हे तिन्ही अर्थ एकत्र येतात. तेथे खेळाडूला भिडूशी बोलायचे तर ते केवळ बोली लावूनच बोलता येते, आणि अखेरची ठरलेली बोली हात करून पुरी करावी लागते. शब्दाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न तपासून पाहण्यास हा खेळ म्हणूनच उपयोगी पडतो.

आजच्या ब्रिजला 1925 साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी रूप दिले. प्रबळ हाताची सुरुवात ‘एक किलवर’ या बोलीने करावी, ही पद्धतीही त्यांचीच. पुढे इटालियन खेळाडूंनी तिला वेगवेगळी वळणे दिली, आणि सी. सी. वेई यांनी रचलेल्या ‘प्रिसिजन’ पद्धतीच्या बळावर तैवानचा संघ 1969 साली जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2 व गुलामाचा 1 असे गुण धरले, तर साऱ्या जोडात 40 गुण होतात. त्यांपैकी 16 किंवा अधिक ज्याच्या हाती, तो ‘एक किलवर’ म्हणतो; मग हातात किलवरचे एकही पान नसले तरी चालते. भिडूकडे 8 पेक्षा कमी गुण असतील, तर तो ‘एक चौकट’ असे उत्तर देतो. त्या उत्तराचाही चौकटच्या पानांशी काही संबंध नसतो.

जो शब्द आपण उच्चारतो, तो ज्या वस्तूचे नाव आहे ती वस्तू त्याला अभिप्रेतच नाही. मग हे असत्य भाषण म्हणावयाचे काय? शब्द आणि वस्तू यांची फारकत एवढ्यानेच असत्य सिद्ध होत नाही. ‘दिवा मालवला’ याऐवजी ‘दिव्याला निरोप दिला’ म्हणणारी गृहिणी खोटे बोलत नाही, कारण ऐकणाऱ्याला संकेत ठाऊक असतो. असत्याचे बीज शब्दात नसून, संकेताची किल्ली कोणापासून लपवली यात असते. ब्रिजच्या नियमांनी नेमकी हीच रेषा आखली आहे. भिडूंनी आपसांत कोणतेही संकेत ठरवावेत. परंतु प्रतिपक्षाला त्यांचा अर्थ कळण्याची सोय असली पाहिजे. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत होती. दोघांत ठरलेला भाव तिसऱ्याला कळू नये, हाच तिचा हेतू. ब्रिजच्या टेबलावर हा रुमाल निषिद्ध आहे. करपल्लवी व नेत्रपल्लवी यांचा मोह तेथेही माणसांना होतो, म्हणूनच 1975 सालच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भिडूंच्या मध्ये पडदा उभा करण्यात आला.

सुरुवातीच्या बोलीपेक्षा तिच्या पुढची वाटचाल नैतिक दृष्ट्या अधिक अवघड आहे. ‘एक किलवर’ म्हणणाऱ्याने सामर्थ्य जाहीर केले, पण त्याचे रूप सांगितलेले नाही. ही उणीव हेरून प्रतिपक्ष मध्येच दुसरी बोली लावतो आणि संवादाची वाट अडवतो. त्याचा तो हक्क आहे. भिडूचे उत्तर सबळ असेल, तर ‘गेम’ची पायरी गाठेपर्यंत दोघांपैकी कोणालाही पास म्हणून अंग काढून घेता येत नाही, सामर्थ्याच्या घोषणेने घोषणा करणाराच बांधला जातो. सर्वांत कठीण कसोटी मात्र शब्दांत नसून मौनात आहे. भिडू बोलण्यापूर्वी घुटमळला, तर त्या घुटमळण्यातून त्याचा हात ओळखता येतो; परंतु जे असे अनाहूतपणे कळले, त्याचा फायदा घेऊ नये, असे नियम सांगतो. कळूनही न वापरणे, ही अपेक्षा कायद्यापेक्षा विवेकाकडूनच अधिक असते.

खेळातील हे विवेचन इतिहासाच्या व्यवहाराला लावून पाहता येते. ज्या दरबाराचे दफ्तर मोडी लिपीत मराठीतून चाले, त्या तंजावरच्या भोसल्यांचा हात 1799 सालच्या तहाने दुबळा झाला. राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, आणि दुसऱ्या सरफोजींकडे मुख्यतः किल्ला व उत्पन्नाचा ठरीव वाटा उरला. अशा तहांची भाषा मैत्रीची आणि संरक्षणाची असे. परंतु ‘मैत्री’ या शब्दाचा कंपनीच्या मनातला अर्थ दुसऱ्या बाजूला आधी समजावून सांगितला जात नसे. तेथे संकेत होता, पण किल्ली एकाच खिशात होती. 1801 साली सरफोजींनी रेसिडेंट टॉरिन यांना पत्र लिहून रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांसाठी रदबदली केली. आपले बळ सरले हे मान्य करून, दानधर्माचा लौकिक तेवढा आपल्याकडे राहू द्यावा, असा त्या पत्राचा आशय. जातपात न पाहता प्रवाशांना अन्न दिले जाते, आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे असे पुकारले जाते, असे वर्णन त्यात आहे. पुढे त्याच वाटेवर, तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडु येथे, मुक्तांबाळ हिच्या नावाने छत्र उभे राहिले.

या दृष्टांताला मर्यादा आहे. खेळात पत्ते पिसून वाटले जातात, नियम दोन्ही पक्षांवर सारखेच चालतात, आणि नको असेल त्याला उठून जाता येते. तहाच्या बैठकीत यांपैकी काहीच नव्हते. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे खरी ठरते. दुबळेपणाची कबुली अप्रतिष्ठेची नाही. ‘एक चौकट’ म्हणणारा भिडू खेळाबाहेर जात नाही. आणि सामर्थ्याची घोषणा प्रामाणिक ठरते ती घोषणा करणाऱ्याला तिचा भार उचलावा लागतो तेव्हाच. कंपनीच्या बोलीने कंपनी फारशी बांधली गेली नाही. मध्यरात्रीच्या घंटेने मात्र वाजवणाराच बांधला जाई, कारण तिचा अर्थ रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही ठाऊक असे, आणि तो दारी आला तर चूल विझली असे सांगता येत नसे.

1855 साली वारसाअभावी तंजावरचे राज्य खालसा झाले आणि छत्रांची व्यवस्था सरकारकडे गेली. बोली एकाने केली होती; ती पुरी करण्याचे दायित्व आता ज्याने ती केली नव्हती त्याच्याकडे आले. खेळात असा प्रसंग येत नाही, कारण डाव संपला की हिशेब पुरा होतो. समाजात डाव संपत नाही. तेथे दुसऱ्याच्या शब्दाचा वारसा घेणाऱ्याने त्याची अटही स्वीकारली आहे काय, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते.