दुपारचा सैतान

इव्हाग्रियस हा कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमधला नावाजलेला डीकन. एका विवाहित स्त्रीवर त्याचा जीव जडला, तेव्हा त्याने राजधानीच सोडली. जेरुसलेममार्गे तो इजिप्तच्या वाळवंटात पोचला आणि ३९९ मध्ये मरेपर्यंत तिथल्या संन्याशांत राहिला.

मोह तिथेही होताच, फक्त वेश बदलून.

भर दुपारी कोठडीत एकट्या बसलेल्या संन्याशाला सूर्य जागचा हलेनासा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. तो सारखा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का याची चाहूल घेतो. मग जागेचा, कामाचा, सोबत्यांचा वीट येतो. या अवस्थेला इव्हाग्रियसने दुपारचा सैतान म्हटलं. दर दोन मिनिटांनी मोबाइल उचलणाऱ्याला हे वर्णन १,६०० वर्षांपूर्वीचं वाटणार नाही.

खादाडपणापासून गर्वापर्यंत असे आठ विचार त्याने नोंदवले. पुढे याच यादीतून सात महापापं आली. पण त्याचा शब्द ‘विचार’ होता, आणि हा फरक मोलाचा आहे. विचार येणं माणसाच्या हाती नसतं. त्याला मनात बिऱ्हाड थाटू द्यायचं की नाही, हे असतं. मोह झाला म्हणूनच स्वतःला पापी ठरवणाऱ्यांना यात केवढा दिलासा आहे! खुद्द येशूलाही चाळीस दिवसांच्या उपासानंतर मोह दाखवला गेला, आणि तिन्ही वेळा त्याने शास्त्रवचनाने उत्तर दिलं.

इव्हाग्रियसने तोच धडा गिरवला. आठही विचारांना परतवून लावण्यासाठी त्याने बायबलमधली शेकडो वचनं निवडून एक पुस्तक रचलं. आणि दुपारच्या सैतानाने गाठलं, तर कोठडी सोडायची नाही, असं त्याचं सांगणं होतं.